घरचं रक्त

जरा सरकून बसा. मधली जागा भरा. दूर बसलेल्याच्या कानावर गोष्ट पडते, पण काळजाला टेकत नाही. टाळ खाली ठेवा, चहा मागून येईलच. आजच्या गोष्टीत राजा नाही, राक्षस नाही, शाप देणारा ऋषीही नाही. पांढुर्ण्याची एक बाई आहे, देवकाबाई, आणि सौंसरच्या रक्त तपासणीच्या सेंटरात बसून तिनं कोपराच्या खोबणीत दाबून धरलेला कापसाचा एक बोळा आहे. कापूस आपल्याला नवा नाही, आपल्या शेतातच पिकतो. पण बोटाच्या पेराएवढ्या कापसात एका घराचं केवढं दुःख मावतं, ते आज सांगायचं आहे. ऐका.

सुई निघाली तेव्हा देवकाबाईंनी डोळे मिटलेले होते आणि ओठांत नाम चालू होतं. रक्त घेणारी पोरगी, शिवानी, गळ्यातलं ओळखपत्र मागे ढकलत म्हणाली, "झालं काकू. दाबून धरा बरं, सोडू नका." देवकाबाईंनी दाबलं. सांगितलं ते जीव लावून करायचं, ही त्यांची जन्माची सवय. कीर्तनात टाळी धरायला सांगितली तर तळवे लाल होईस्तोवर धरणारी बाई ती. थोड्या वेळानं शिवानी परत आली, बोळा उचलून पाहिला, आणि दुसऱ्या नळीवर नाव लिहिता लिहिता सहज बोलून गेली, "अरे वा! किती लवकर थांबलं हो तुमचं रक्त." बस, एवढंच. बोलली आणि पुढच्या माणसाला हाक मारायला गेली. सगळ्यांनाच म्हणत असेल ती तसं, लहान पोराला शाबास म्हणावं तसं. पण देवकाबाईंच्या पायाखालची फरशी कोणीतरी हलकेच ओढून घेतल्यासारखी झाली. पंखा फिरत होता, भिंतीवर गरोदर बाईनं काय खावं याचं चित्र होतं, बाहेर छिंदवाड्याची बस हॉर्न देत होती, सगळं जागच्या जागी होतं. आणि त्या मात्र आपल्या कोपराकडे बघत राहिल्या. तिथे लाल टिकलीएवढा डाग, वाळलेला. लवकर थांबलं. हे शब्द त्यांच्या घरचे होते. त्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा देव्हाऱ्याच्या आधी त्यांना हे शब्द दाखवले होते.

खरंच दाखवले होते. नवरा पुंडलिकराव तेव्हा तरणेबांड, उजव्या भुवईवर जखमेची खूण, आणि ती खूण नव्या नवरीला दाखवताना सासू म्हणाली होती, "गोटमारीतला दगड हाय हा. दुसरा असता त दवाखान्यात गेला असता. याचं रक्त चंडीमायच्या देवळातली चिमूटभर भभूत लावली अन् जागीच थांबलं. आमच्या घरचं रक्त तसंच हाय माय, बाहेर येते अन् शरमून माघारी जाते." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, आणि दिवसभर दगड. ज्यानं पाहिलं नाही त्याला ते वेड वाटेल. देवकाबाई लोधीखेड्याच्या, त्यांच्या माहेरी भजन होतं, दगड नव्हते. पहिल्या वर्षी त्या माडीवरून नदीकडे बघून रडल्या होत्या. दुसऱ्या वर्षी रडल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी डब्यात भभूत भरून ठेवायचं काम त्यांच्याकडेच आलं, आणि मग कधी, कोणत्या वर्षी, ते त्यांना आज कितीही आठवलं तरी सापडत नव्हतं, पण कधीतरी त्याही पाहुण्यांना चहा देताना म्हणू लागल्या, "यायच्या घरचं रक्त लवकर थांबते." यांच्या घरचं. स्वतःच्या रक्ताबद्दल त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यांचं रक्त विचारण्यासारखं नव्हतंच, दोनदा पोटातलं बाळ गेलं तेव्हा सासूनं एवढंच म्हटलं होतं, "लोधीखेड्याच्या मातीत ओल कमी दिसते." मग जामसांवलीला निजलेल्या मारुतीपाशी नवस झाला, गजेंद्र झाला, चंचल झाली, आणि ते बोलणंही विरून गेलं.

"आई, दुखून राहिलं का?" शेजारच्या खुर्चीवरून चंचलनं विचारलं. चंचल म्हणजे धाकटी लेक, सौंसरलाच दिलेली, पाचवा महिना. पोटावर ओढणी, पायांत नवऱ्याच्या, मंगेशच्या, चपला, कारण स्वतःच्या आता लागत होत्या. देवकाबाईंची नजर त्या पायांवर गेली. सुजलेले का? दोन्ही सारखे, का एक जास्त? नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, एकाच पायावर सूज आली, पोटरी दुखली, दम लागला, की उशीर करायचा नाही. तेव्हापासून लेकीच्या तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त बघायची सवय त्यांना लागली होती. "नाही वं," त्या म्हणाल्या, "बाबाचा फोन आला का?" चंचलनं मान हलवली. "मंगेशनं लावला होता. उचलूनच नाही राहिले. येतील असं नाही वाटत मले." मग थोडं थांबून, हसण्याचा प्रयत्न करत, "त्यायले म्हणा, तुमच्या नातवासाठी दोन चमचे रक्त द्या. नदीत त तांब्याभर सांडून आले असतील." देवकाबाईंना हसू आलं नाही. नागपूरला रक्त घेऊन जाणारी गाडी दुपारी निघणार होती. तोवर पुंडलिकराव आले तर आले.

डॉक्टरीणबाईंनी फार साधं करून सांगितलं होतं. रक्त गोठायला लागतं तसं ते गोठणं आवरणारंही काही रक्तातच असतं. काही घराण्यांत ते आवरणारं जन्मतःच कमी असतं. मग तरण्याताठ्या माणसाच्या पायात गाठ होते, फुफ्फुसात जाते, एखाद्याच्या हृदयाच्या नळीत होते. गरोदरपणात ते आवरणारं तसंही घटतं, म्हणून चंचलचं रक्त आज तपासलं तर खरं काय ते कळणार नाही. "हिच्या भावाचं असं झालंय ना? मग आईवडिलांचं दोघांचं पाठवा. सापडलं तर हिला बाळंत होईपर्यंत आणि नंतरही इंजेक्शनं द्यावी लागतील. अंदाजावर एवढे दिवस टोचत राहायचं, तर निदान कळू द्या." पुंडलिकराव तेव्हा सोबत होते. "हिच्या भावाचं" हे शब्द ऐकल्यावर ते उठले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. घरी परतताना बसमध्ये एकदाच बोलले. "मी नाही देणार. आमच्या रक्तात खोट नाही." देवकाबाईंनी खिडकीतून संत्र्याच्या बागा बघितल्या. मृग बहराचा तोडा चालू होता, झाडाखाली ढीग लागले होते, गजू असता तर म्हणाला असता, आई, नागपुरी म्हणून विकतात अन् पिकवतो आपण.

गजू. गजेंद्र. पांढुर्ण्याच्या स्टँडजवळ ट्रॅक्टरच्या पार्टांचं त्याचं दुकान. तिशी गाठलेली नव्हती. त्या उन्हाळ्यात एक बॅटरी उचलून ठेवली आणि जबड्यापासून डाव्या हातापर्यंत कळ गेली. त्याला वाटलं गॅस झाला, सोडा पिऊन आला, देवकाबाईंनी ओवा दिला. ओवा! आजही डब्यातला ओवा हाताला लागला की त्यांची बोटं आखडतात. पण त्या वेळी वाचला तो. नागपूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि त्यांनाही नवल वाटलं: नळ्या स्वच्छ, चरबी नाही, बिडी नाही, दारू नाही, आणि तरी गाठ. रक्तातच झालेली. "हे घराण्यातलं असू शकतं," ते म्हणाले, "सावकाश बाकीच्यांची तपासणी करून घ्या. आणि ही रक्त पातळ ठेवायची गोळी बंद करायची नाही. आम्ही सांगेपर्यंत एक दिवसही नाही." गजूनं मान हलवली. देवकाबाईंनीही हलवली. पुंडलिकराव परतीच्या वाटेवर म्हणाले, "दुधात पाणी टाकते तसं पोराच्या रक्तात पाणी टाकून राहिले हे लोक." सगळे हसले, कारण पोरगा जिवंत घरी चालला होता आणि त्या दिवशी कशालाही हसू येत होतं.

मग तो आरसा. अंगणातल्या खांबाला अडकवलेला, कोपऱ्यात पारा उडालेला. आखाड संपत आला असेल, कारण दोरीवरचे कपडे वाळत नव्हते. गजू दाढी करत होता आणि हनुवटीपाशी कापलं. एरवी अंगठा दाबला की संपलं, अशी ती गोष्ट. पण गोळीमुळे रक्त थांबेना. त्यानं कागदाचा तुकडा लावला, तो भिजला. कापूस लावला, तोही भिजला. मानेवरून एक रेघ बनियनच्या गळ्यात उतरली. पुंडलिकराव पायरीवर चहा पीत होते. "काय रे," ते म्हणाले, "सावरगावचा नळ हाय का हा? बंदच नाही होऊन राहिला!" चंचल माहेरी आलेली होती, ती फिस्सकन हसली. "घरचं रक्त नाही राहिलं बाप्पा आता यायचं," पुंडलिकराव पुढे म्हणाले, "यंदा पोळ्याले नदीकडे फिरकू नको, नाही त पूर यायचा जामले." आणि देवकाबाई, भाजीचं पातेलं हातात घेऊन दारात उभ्या, पदर तोंडाला लावून हसल्या. वाईट काही नव्हतं त्यात. बाप पोराची थट्टा करत होता, आणि त्या थट्टेच्या आत भीती होती, हे आई म्हणून त्यांना कळत होतं. हसलं की भीती लहान होते. गजूही हसला. पण हसताना त्यानं आरशात बघितलं, बापाकडे नाही. ते आरशातलं बघणं देवकाबाईंनी तेव्हा पाहिलं होतं. पाहिलं आणि पातेलं घेऊन आत गेल्या, कारण फोडणी जळत होती. आता, या खुर्चीवर बसून, त्या पुन्हा दारात उभ्या राहत होत्या. फोडणी जळू दे, म्हणत होत्या. घर जळू दे. आधी त्याच्या खांद्यावर हात ठेव. म्हण, वाहू दे रे राजा, वाहते म्हणून त जिवंत हायेस. पण सरलेल्या दिवसाच्या दारात उभं राहून कोणाला पुढचं सांगता येत नाही. पातेलं हातात, त्या आत जातात. दरवेळी जातात.

आणि सांगणारं कोणी नव्हतं असंही नाही, हेच तर त्यांना जास्त लागतं. त्याच श्रावणात गावात सप्ताह होता. कीर्तनाच्या दिवशी देवकाबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांत पुढे, खांबाला न टेकता बसलेल्या. बुवा गोड गळ्याचे, मृदंग भरात आलेला, आणि ते निरूपणात म्हणाले, "बायांनो, घरात तुंबलेलं काही ठेवू नका. पाणी तुंबलं, त्याला वास आला. राग तुंबला, त्याचं वैर झालं. वाहतं आहे तोवर देवाचं, तुंबलं की यमाचं." काय टाळी पडली होती! देवकाबाईंचे डोळे भरून आले होते. बाजूच्या बाईला कोपरानं ढोसून त्या म्हणाल्या होत्या, "किती खरं बोलले वं." घरी येताना तेच घोळवत आल्या, ओसरीवर बसून नवऱ्यालाही सांगितलं. आणि एवढं सगळं करून, त्या वाक्याला घरात कुठे जागा आहे हे त्यांना दिसलं नाही. देव्हाऱ्यात ठेवलं त्यांनी ते वाक्य, हळदकुंकू वाहून. न्हाणीपाशी, आरशापाशी, पोराच्या हनुवटीपाशी आणून ठेवलं नाही. कीर्तन ऐकून रडलेली आपण, त्यातलं ऐकलं काय? असा प्रश्न त्यांनी देवाला नाही, स्वतःलाच कितीदा विचारला. देवावर त्यांचा राग नाही. चंडीमायवरही नाही. आई कधी म्हणाली होती का, की पोराची गोळी बंद कर, मग मी जखम बुजवते? आईच्या नावावर आपणच आपला गर्व लावून दिला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गजू म्हणाला, "नुसता पाहाले जातो." कोण जातं नुसतं पाहायला. दुपारी गल्लीच्या तोंडाशी गलका झाला. दोस्तांनी त्याला उचलूनच आणलं होतं; कपाळाला, केसांच्या कडेला, दगड लागलेला, शर्टावर रक्त, आणि तोंडभर हसू. देवकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. पुंडलिकराव मात्र आधी जखमेकडे वाकले. भभुतीखाली कातडी काळपट लाल, कोरडी. थांबलेलं. पुसून बघितलं, तरी थांबलेलं. "पाह्य!" ते ओरडले, "गजूची माय, पाह्य! घरचं रक्त वापस आलं पोराचं!" दोस्तांनी आरोळी दिली. कोणीतरी म्हणालं, काका, पेढे पाहिजेत. गजूनं बापाकडे बघितलं, आरशात नाही, सरळ, आणि लहानपणी पहिल्यांदा बैलगाडी हाकली तेव्हा जसं बघितलं होतं तसं. आणि देवकाबाईंनी? मीठमोहरी ओवाळून त्याची दृष्ट काढली. देवापुढे तुपाचा दिवा लावला. चंडीमायच्या दिशेनं हात जोडले आणि मनापासून, अगदी आतून म्हणाल्या, माय, पोरगं बरं झालं माह्यं.

हे आहे ते. कोणी विचारलं तर देवकाबाई सांगणार नाहीत, पण आतून त्यांना जे पोखरतं ते मरण नाही. मरण तर देवाच्या हातचं, असं म्हणून बाई एखादे दिवशी निजूही शकते. त्यांना पोखरतो तो दिवा. तो आनंद. हनुवटीवरचा एवढासा ओरखडा ज्याचा थांबत नव्हता, त्याच्या कपाळाचं रक्त चिमूटभर भभुतीनं थांबलं, तर आईला काय कळायला हवं होतं? की यानं गोळी सोडली आहे. इतकं उघडं. शाळेत न गेलेल्या बाईलाही कळावं इतकं. आणि त्या तर सातवी पास. पण घरभर आनंद एवढा, की त्यात ते दिसायला जागाच नव्हती. गोळ्यांची पानं नंतर सापडली, त्याच्या पँटच्या खिशात, पोळ्याच्या आधीपासूनची, एकही न फोडलेली. नंतर म्हणजे, जेव्हा शेजारच्या दुकानदारानं बघितलं की गजूभाऊ काउंटरवर डोकं ठेवून कधीचा निजला आहे, आणि गिऱ्हाईक हाका मारून राहिलं, त्यानंतर. कपाळावरची खपली तेव्हा नुसती सुटायला आली होती. खाली गुलाबी, नवी कातडी आली होती. त्याला आंघोळ घालताना देवकाबाईंच्या हाताला ती लागली. लहान बाळाच्या टाळूसारखी मऊ.

त्या दिवसापासून पुंडलिकरावांनी दाढी केली नाही. गावाला वाटलं, जामसांवलीचा नवस असेल. लोक आदरानं बघू लागले, कोणी म्हणे काका आता पूर्ण माळकरी होणार. देवकाबाईंनी कोणाला काही सांगितलं नाही. अंगणातला आरसा त्यांनीच काढून धान्याच्या कोठीमागे उलटा ठेवला. नवरा-बायको एका ताटात जेवल्यासारखे एका मौनात राहू लागले. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव दिवसभर बागेत बसून राहिले. परत आले तेव्हा पायजम्याला कुसळं. तुम्ही हासले होते, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. तू दिवा लावला होतास, असं ते कधी म्हणाले नाहीत. पण दोघंही ते एकमेकांच्या पाठीवर वाचत होते.

"आई." चंचलनं हात धरला. "बाबा."

काचेच्या दारापाशी पुंडलिकराव उभे होते. पांढरी दाढी छातीवर, डोक्याला टॉवेल, पांढरा स्वच्छ सदरा, आणि हातात पिशवीभर संत्री, जणू पाहुणे म्हणून आले होते. दार ढकलायचं का ओढायचं ते कळेना, म्हणून थांबले होते. शिवानीनंच उघडलं. आत आल्यावर त्यांनी कोणाकडे बघितलं नाही; पिशवी चंचलच्या मांडीपाशी ठेवली. "खाय. गोड हाये." मग खुर्चीवर बसून बाही वर सारली आणि हात पुढे केला, नदीवर जाताना करत असतील तसा, ताठ. सुई शिरली तेव्हा पापणीही हलली नाही. नळी भरली. शिवानीनं बोळा ठेवला, "दाबून धरा काका." पुंडलिकरावांनी बोळा उचलला आणि टेबलावर ठेवून दिला. "मले नाही लागत हे," ते म्हणाले. आवाज जुनाच होता, पायरीवर चहा पिताना असायचा तो. "आमचं आपसूक थांबते, बाई."

थांबलं नाही. आधी एक थेंब फुगला, मग फुटला, आणि रेघ कोपरावरून मनगटाकडे निघाली. पुंडलिकराव तिच्याकडे बघत राहिले, ओळखीच्या माणसानं ओळख दाखवू नये तसे. रेघ बोटांवर आली, सदऱ्याच्या कडेवर पडली, तिथे पसरली. "अहो काका!" शिवानी धावली, नवा कापूस घेऊन तिनं अंगठा रोवला. "कमाल करता. दाबाले सांगितलं ना तुमाले?" ते बारीक आवाजात म्हणाले, "थांबून नाही राहिलं ते." "कसं थांबेल? शिरेतलं हाय ते. नाही दाबलं त सगळ्याइचंच वाहते." "सगळ्याइचंच?" "मंग काय. माह्यंही वाहीन. त्याच्यात काय एवढं?" तिनं चिकटपट्टी लावली आणि नळ्या उचलून गेली, गाडी निघायची होती. पुंडलिकराव तसेच बसून राहिले, हात अजून पुढे केलेला. देवकाबाई उठल्या, शेजारी येऊन बसल्या आणि त्यांच्या कोपरावर स्वतःचा अंगठा ठेवला. आता गरज नव्हती. तरी ठेवला. पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग दोघांनीही बघितला. तो तेवढाच होता, गजूच्या बनियनच्या गळ्यावर उतरला होता तेवढा.

नागपूरहून कळलं तेव्हा दोघं घरीच होते. मंगेशचा फोन. बाबांचं सगळं ठीक. आईंचं कमी आहे, जन्माचंच. चंचलला आजपासून इंजेक्शन सुरू. पोटावर घ्यायचं, तिनं पहिलं स्वतःच घेतलं, रडली नाही. देवकाबाईंनी फोन खाली ठेवला आणि ओसरीच्या काठावर बसल्या. त्यांना लोधीखेड्याचा आपला भाऊ रवींद्र आठवला, मळ्यातून पाणी देऊन आला आणि पायरीवर बसला तो उठलाच नाही. आईनं म्हटलं होतं, बाहेरचं लागलं. पोटातून गेलेली आपली दोन बाळं आठवली. गजूच्या अंगात जे वाहत होतं ते माझं होतं. एवढ्या मोठ्या, नाव असलेल्या घरात माझं म्हणून एवढंच उतरलं पोरात, आणि तेही हे. घरच्या रक्ताचा गवगवा ज्यांचा, त्यांचं तर चारचौघांसारखंच होतं. पुंडलिकरावांना आता सुटल्यासारखं वाटेल. वाटू दे. त्यांनी पदर सावरला आणि सांगून टाकलं. "माह्याकडूनच गेलं ते. तुमच्या रक्तात काही नाही."

पुंडलिकरावांची नजर खांबाकडे गेली. अंगणात, खांबाला जिथे आरसा असायचा, तिथला खिळा उन्हात दिसत होता.

"रक्त तुह्यं असो का माह्यं असो, गजूची माय," ते म्हणाले, "हासलो त मीच ना."

"मीही हासली," देवकाबाई म्हणाल्या.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते तुंबलेलं बाहेर आलं आणि वाहू लागलं. त्यांनी ते थांबवलं नाही.

गोष्ट एवढीच. चंचलचे दिवस भरायचे आहेत, तिच्यासाठी देवापाशी तुम्हीही एक शब्द टाका. माझं मागणं मात्र दुसरं आहे. उद्या सकाळी तुमच्या घरात कोणी आरशापुढे उभा राहील, वस्तरा लागेल, आणि रक्त पटकन थांबणार नाही. तेव्हा हसू नका. हातातलं पातेलं खाली ठेवा, फोडणी जळली तर जळू द्या, जवळ जा, स्वच्छ कापूस द्या, आणि विचारा, बाबू, आजची गोळी घेतली का? आणि तो हो म्हणाला, की मनातल्या मनात पांढुर्ण्याच्या गजेंद्रचं नाव घ्या. त्याला कोणी विचारलं नव्हतं.